मुंबईचा हिवाळा बागेत कसा बघावा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसातला काटेसावरीखाली उभं राहिलं, की फुलं पडताना ऐकू येतात. 'थप्प' असा ओला, जड आवाज. पाकळ्या जाड, मांसल असतात आणि फूल बहुतेक वेळा अख्खंच खाली येतं. माटुंग्याला आमच्या घराजवळ महापालिकेची एक छोटी बाग आहे, तिच्या मागच्या भिंतीला लागून अशी एक सावर आहे. सकाळच्या वेळात कितीतरी माणसं तिच्याखालून फेऱ्या मारतात. मीही बरीच वर्षं तशाच फेऱ्या मारत होते, घड्याळातली पावलं मोजत. एका सकाळी पुढ्यातच एक फूल पडलं, मी मान वर केली, आणि त्या निष्पर्ण झाडावर पंचवीस-तीस पक्षी दिसले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी बाग बघते. ती कशी बघावी, हे इथे सांगते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मुंबईचा हिवाळा थर्मामीटरवर फारसा कळत नाही. सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली ती २२ जानेवारी १९६२ची, आणि तो नीचांक अजून मोडलेला नाही. एरवी जानेवारीतही पहाटे सोळा-सतरा अंश म्हणजे आपल्याला कडाक्याची थंडी वाटते. पण ऑक्टोबरात पाऊस परततो तो थेट जूनमध्ये येतो. मधले सात-आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात, म्हणून अनेक झाडं पानं टाकून पाण्याचा खर्च कमी करतात. आपल्याकडची पानगळ ही अशी कोरडेपणाची पानगळ आहे. त्याच वेळी उत्तरेकडे, हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, बर्फामुळे किडे मिळेनासे होतात आणि तिथले पक्षी आपल्या बागांमध्ये मुक्कामाला येतात. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, की नोव्हेंबर ते मार्च काय बघायचं ते आपोआप ठरतं.

एकच बाग, एकच वाट

पहिल्या हिवाळ्यात मी दर रविवारी नवीन जागा गाठली. बोरिवली, शिवडी, भांडुप, राणीची बाग. पक्ष्यांच्या नावांची यादी वाढली, पण काय बदललं ते मात्र एकाही ठिकाणचं सांगता येईना, कारण कुठेच दुसऱ्यांदा गेले नव्हते. बदल दिसायला आधी नेहमीचं काय ते माहीत लागतं. म्हणून घरापासून दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येईल अशी एकच बाग निवडा आणि आठवड्यातून निदान दोनदा, त्याच वाटेने, त्याच दिशेने फिरा.

निवडताना तीन गोष्टी बघा: थोडी जुनी झाडं, झाडझूड न केलेला झुडपांचा एखादा कोपरा, आणि पाणी. पाणी म्हणजे तळंच हवं असं नाही, गळका नळही चालतो. दादर-माटुंग्याच्या लोकांना फाइव्ह गार्डन्स आहेत. भायखळ्याची राणीची बाग तर झाडांची शाळाच आहे. तिथली गोरखचिंच हिवाळ्यात पानं टाकून उघडी झालेली बघावी, खोडाचा घेर तेव्हा खरा समजतो. (राणीची बाग बुधवारी बंद असते.) माहीम-धारावीच्या मधे मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एके काळी कचऱ्याचा डेपो होती, १९९४ साली ती उद्यान म्हणून लोकांना खुली झाली. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं; तिथे बिबटे आहेत, तेव्हा ठरलेल्या रस्त्यावरच राहावं आणि अंधारात, एकट्याने आडवाटेला जाऊ नये. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीच्या आवारातली चार झाडंही पुरतात, हे मी मनापासून सांगते.

सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर. अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२, म्हणून आपल्या राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पाहुणे तोवर आलेले असतात आणि झाडं अजून भरलेली असतात, म्हणजे पुढची पानगळ डोळ्यांसमोर घडते.

वेळ आणि सामान

सूर्य उगवल्यानंतरचा पहिला दीड तास. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरातला असला, तरी मुंबईत सूर्योदय त्यानंतरही उशिरा होत जातो आणि संक्रांतीच्या सुमारास सव्वासातला पोचतो. त्यामुळे जानेवारीत सातला घर सोडलं तरी काही चुकत नाही. पहिलं ऊन झाडाच्या शेंड्यावर पडतं, आणि रात्रभर गारठलेले पक्षी तिथेच येऊन पंख फुगवून बसतात. ऊन पाठीशी घेऊन उभे राहा, म्हणजे समोरच्या पक्ष्याचा रंग दिसतो. सूर्याकडे तोंड केलंत तर पिवळाधमक हळद्याही काळा दिसेल. धुरकं दाट असेल त्या दिवशी लांबचं बघण्याचा नाद सोडा आणि जमिनीकडे, झुडपांकडे वळा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी अशा सकाळी घरीच थांबलेलं बरं.

मळकट रंगाचे कपडे, मऊ तळाचे बूट, पाण्याची बाटली, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. जास्त शक्तीची दुर्बीण हातात थरथरते. पण पहिले दोन महिने दुर्बिणीशिवाय फिरावं असं माझं मत आहे. दुर्बीण आली की माणूस फक्त पक्षी शोधतो आणि झाड बघायचं विसरतो.

आधी कान

आत शिरल्यावर लगेच चालू नका. एखाद्या बाकावर दहा मिनिटं बसा, फोन पिशवीत ठेवा आणि किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजा. नावं कळली नाहीत तरी चालेल. कावळा, साळुंकी, पोपट हे तुम्हाला येतातच. अंगठ्याएवढा शिंपी कुठेतरी झुडपात बसून एकसारखा 'टुविट टुविट' करत असतो. आता नसलेला आवाज ओळखायचा प्रयत्न करा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. पावसाळ्याआधी पहाटेपासून गाणारा दयाळ हिवाळ्यात जवळजवळ मुका असतो. तो बागेतच असतो, झुडपाखाली पाचोळा उलटत असतो, फार तर 'चर्र' असा कोरडा आवाज काढतो.

आमच्या बागेतल्या माळीकाकांना मी एका डिसेंबरात विचारलं होतं, "काका, दयाळ दिसत नाही हो हल्ली?"

"दिसतोय की. तुम्ही वर बघताय ताई, तो खाली आहे," असं म्हणून त्यांनी झाडूनेच कण्हेरीच्या बुंध्याकडे दाखवलं. "आत्ता नाही बोलायचा तो. उन्हं तापायला लागली की मग बोलेल."

तो पुन्हा गायला लागेल ती तारीख लिहून ठेवायची आहे.

कोकिळेचंही तसंच. हिवाळाभर कोकीळ वडा-उंबरावर फळं खात गुपचूप असतो. साधारण फेब्रुवारीत एखाद्या पहाटे तो पहिली 'कुहू' टाकतो (गातो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा; मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची). आमच्याकडे ही नोंद आई ठेवते. ती आता बागेत फार येत नाही, पण खिडकीत बसून तिला माझ्या आधी कळतं. कॅलेंडरवर त्या तारखेला तिने 'कोकीळ' लिहिलेलं असतं.

एक झाड आपलं माना

बागेतलं एक झाड निवडा आणि प्रत्येक फेरीत त्याच्यापाशी पाच मिनिटं थांबा. पानं किती उरली, कळ्या आहेत का, फुलं, फळं, कोण येऊन गेलं, एवढंच बघायचं. देशभरात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम चालतो, त्यात लोक नेमकं हेच करतात: एका झाडाची दर आठवड्याला नोंद. तुमच्या वहीला तिथे जागा आहे.

नवख्याने देशी बदाम घ्यावा. मुंबईत तो जवळपास सगळीकडे आहे आणि त्याच्यासारखा पानांचा रंगबदल आपल्याकडे दुसरं क्वचितच कुठलं झाड दाखवतं. डिसेंबरापासून एकेक पान लाल व्हायला लागतं. झाड पानातलं कामाचं द्रव्य परत ओढून घेतं, हिरवा रंग विरतो आणि तांबडा चढतो. गळलेलं एक पान उचलून उन्हात धरा: कुठे शेंदरी, कुठे दारूसारखा गडद लाल, आणि शिरेला धरून अजून हिरवी रेघ. देठाच्या टोकाला गुळगुळीत खूण दिसेल. पान तोडलेलं नाही, झाडाने ते तिथून सोडवून दिलेलं आहे. आठवड्याला एक पान वहीत दाबून ठेवलंत तर दोन महिन्यांचा रंगपट तयार होतो. मुलांना हे फार आवडतं.

माझं झाड अर्थातच ती सावर. नोव्हेंबरात ती हिरवी असते, डिसेंबरात पिवळी पडत विरळ होते, जानेवारीच्या मध्यावर फांद्यांवर सुपारीएवढ्या गडद कळ्या तेवढ्या राहतात. मग फुलते. पानं नसल्याने लाल फुलं लांबून दिसतात आणि पाहुण्यांना बोलावणं जातं. मी एकदा तिच्याखाली अर्धा तास बसून कोण कोण येतं ते लिहिलं. सगळ्यात आधी कावळे, मग साळुंक्यांची जोडी, मग बुलबुल. बुलबुल फुलात अख्खं डोकं घालतात आणि बाहेर येतात ते कपाळाला पिवळे पराग लावून. शिंजीर एवढुसा, तो पाकळीच्या कडेला लटकतो. मधेच एक खार आली आणि तिने कळीच कुरतडून खाली टाकली. तेवढ्यात राखी कोतवाल आला तेव्हा सगळे बाजूला झाले. तो मधही पितो आणि फुलावर आलेले किडेही उडत्या उडत्या टिपतो. पडलेलं ताजं फूल हातात घेऊन आत बघा. पाच पाकळ्यांच्या मधे केसरांचा दाट झुबका असतो आणि तळाशी, नशीब असेल तर, मधाचा चिकट थेंब. बोटाने चाखून बघायला हरकत नाही, मुंग्या झटकून.

बाकीच्या झाडांकडे जाता जाता बघितलं तरी पुरे. नोव्हेंबरात संध्याकाळी उग्र घमघमणारी सातवीण आणि सकाळी वाटेवर पांढरी लांब देठाची फुलं अंथरणारा बुच. डिसेंबर-जानेवारीत शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. आंब्याला मोहोर, रात्री गार झाल्या की तो जोमाने येतो, आणि त्याच्यावर घोंघावतात त्यात मधमाश्यांपेक्षा माश्या जास्त असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पांगारा, मग पळस. फेब्रुवारी-मार्चात पिंपळाची तांबूस, मेणचट पालवी. पिंपळ-उंबराला फळं असतील तर मान वर करून थोडं थांबा. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायांचा हिरवा कबुतर, पानांत इतका मिसळून बसतो की फळ खाली पडल्यावरच तो आहे हे कळतं.

पाहुणे ओळखताना

सगळे पाहुणे एकदम ओळखायला जाऊ नका. या हिवाळ्यात तीनच.

पहिला करडा धोबी. माळ्याने पाइप लावलेला असतो तिथे, ओल्या वाटेवर, हा एकटाच तुरुतुरु चालतो. पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळाजर्द, आणि शेपटी सतत वरखाली. उन्हाळ्यात हा हिमालयातल्या ओढ्यांकाठी घरटं करतो. मग माटुंग्याच्या फरशीवर तो पाण्याची धार शोधत येतो यात नवल नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि बहुधा तोच कोपरा धरून राहतो, म्हणून 'आपला धोबी' म्हणता येतो.

दुसरा ब्लिथचा वटवट्या. हा दिसण्यापेक्षा ऐकू येतो. झुडपाच्या पोटातून जिभेने 'च्यक्' केल्यासारखा आवाज, थांबून थांबून. पक्षी मातकट, बिनठिपक्याचा, चिमणीहून सडपातळ. नवख्यांना तो नीरस वाटतो, पण एकदा हा आवाज कानात बसला की बसस्टॉपमागच्या कुंपणातही तो सापडतो. अशा झुडपासमोर चार पावलं मागे सरून हलू नका. दोन-तीन मिनिटांत तो कडेला येतो.

तिसऱ्या भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, मैनेच्या भाऊबंद. मध्य आशियाच्या बाजूला त्यांची वीण होते आणि पावसाळा सरता सरताच त्या आपल्याकडे यायला लागतात. सावर, पांगारा, पळस फुलला की त्यांचा कलकलाट ऐकू येतोच. संध्याकाळी थवा आकाशात एकदम वळतो तेव्हा धुराचा लोट वळल्यासारखा दिसतो.

हे तीन जमले की माशीमार, हळद्या, तारेवर ऊन खात बसलेले वेडे राघू असे बाकीचे आपोआप जोडले जातील. नाव अडलं तर 'मर्लिन' ॲप आवाज ऐकून सुचवतं. त्याचं उत्तर मात्र डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत लिहू नका.

घरच्या मंडळींनाही विसरू नका. हिवाळा हा घारींच्या विणीचा काळ. काटकी, कधी तार, कधी चिंधी पायात धरून जाणारी घार दिसली की ती कुठल्या झाडावर उतरते ते बघा. तांबट वाळक्या फांदीला गोल भोक पाडत असतो आणि उन्हं तापत जातात तसा त्याचा 'टुक् टुक्' वाढत जातो. वाळकी फांदी धोक्याची नसेल तर राहू द्या, अशी बागेच्या कर्मचाऱ्यांना विनंती करावी. आमच्या बागेत तसं सांगितल्यावर एक फांदी वाचली आणि पुढे तिच्यात तांबटाचं घर झालं. नऊच्या सुमारास ऊन गवतावर आलं की फुलपाखरं पंख पसरून बसतात. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, म्हणून जवळून बघायला हीच वेळ. खारीच्या पाठीवरचे पट्टेही मोजून बघा: तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची या दोन वेगळ्या जाती आहेत.

काय करू नये

खायला घालू नका. मरीन ड्राइव्हवर हिवाळ्यात कुरव हे समुद्रपक्षी येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या टाकतात. तळलेलं, मिठाचं खाणं त्या पक्ष्यांचं नाही. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. तो ते शत्रूचं आव्हान समजतो आणि खाणं सोडून धावून येतो. घरट्याजवळ थांबू नका, तुमच्यामागे कावळ्याचं लक्ष असतं. पाचोळ्यात हात घालू नका, काठीही नको. ऊन खायला साप बाहेर येतात, आणि आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर तेही येत नाहीत.

संक्रांतीनंतरचे दोन आठवडे झाडांवर मांजा लटकलेला असतो. हाताला येईल तेवढा कात्रीने कापून, गुंडाळून कचऱ्यात टाका. त्यासाठी मी जानेवारीत पिशवीत छोटी कात्री ठेवते. एका वर्षी आमच्या सावरीवर एक घार पंखाला दोरा अडकून उलटी लोंबत होती. अग्निशमन दलाच्या माणसांनी तिला उतरवलं, पंख मात्र कापला गेला होता. ओढून सोडवू नका, दोरा आणखी रुततो. वन विभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते, तो फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा.

वही

प्रत्येक फेरीला चार ओळी बस्स. तारीख, वेळ, हवा. आपल्या झाडाची स्थिती. नवीन काय दिसलं. आणि काय दिसलं नाही. शक्य झालं तर पक्ष्यांचा आकडा लिहा, अंदाजे असला तरी चालेल. 'खूप' हा शब्द पुढच्या वर्षी काहीच सांगत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाची जगभरची पक्षीगणना असते. पंधरा मिनिटांची यादीही त्यात चालते, 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असते.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा: 'पहिल्यांदा' आणि 'शेवटचा'. पहिला रकाना सोपा. पहिली कुहू, पहिली सावर, दयाळाचं पहिलं गाणं. दुसरा अवघड आहे, कारण करडा धोबी शेवटचा दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून मार्चमध्ये, बाग तापायला लागली आणि बघण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं, तरी फेरी चुकवू नका, आणि तो दिसला की दर वेळी लिहा. माळीकाका पाइप लावतात त्या वाटेशी मी मार्चभर थांबते. धोबी दिसला की जुनी तारीख खोडायची, नवी घालायची. मग एका आठवड्यात खोडायला काही मिळत नाही, दुसऱ्यातही नाही. वाट ओली असते, तिच्यावर साळुंक्या चालत असतात, आणि मागच्या कण्हेरीवर दयाळ गायला लागलेला असतो.